दूरस्थ विवाहातील गीतनिवड : वऱ्हाडातील विधिगीतांच्या दृष्टीने एक विचार

१

विवाहविधीत गीताचे स्थान कोणते, हा प्रश्न मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून सरोजिनी बाबर यांनी संपादिलेल्या लोकसाहित्याच्या खंडांपर्यंत स्त्रीगीतांचे संकलन झाले, त्यांचे वर्गीकरण झाले, त्यांतून दिसणाऱ्या नात्यागोत्यांचे विवेचनही झाले. तथापि या सर्व अभ्यासाने एक गोष्ट न सांगता गृहीत धरली होती. गाणारा आणि ऐकणारा एकाच मांडवाखाली आहेत आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानी तत्क्षणी पडतो, हे ते गृहीत होय. इ. स. २०२० नंतर या गृहीताला गंभीर बाधा आली.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ऐन लग्नसराई बुडाली. पुढे ५० माणसांच्या मर्यादेत विवाहास मुभा मिळाली. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी आली आणि अकोला जिल्ह्यातही निर्बंध कडक झाले. त्याच वर्षी २२ एप्रिलपासून लागू झालेल्या राज्यव्यापी आदेशाने तर विवाहसोहळा एकाच सभागृहात, २ तासांत आणि २५ माणसांत उरकण्याचे बंधन घातले. ते मोडणाऱ्यास ५०,००० रुपयांचा दंड होता. अशा वेळी उरलेल्या आप्तांसाठी दूरदृश्य प्रणालीचा आश्रय घेतला गेला. पुढे निर्बंध उठले, परंतु रीत सर्वस्वी गेली नाही. पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी स्थिरावलेल्या मुलामुलीचे लग्न तिकडे लागते आणि मूर्तिजापूरच्या किंवा दर्यापूरच्या घरी आजी व आत्या ते पडद्यावर पाहतात. कधी मांडव गावी असतो आणि भाऊ सातासमुद्रापलीकडे. ज्या विवाहात संबंधितांपैकी काहींची उपस्थिती केवळ अशा यंत्रद्वारा असते, त्यास प्रस्तुत लेखात 'दूरस्थ विवाह' अशी संज्ञा योजली आहे.

अशा विवाहासाठी कोणते संगीत निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता रुचीचा वाटतो. आरंभी सनईची मुद्रिका, मुहूर्ताच्या वेळी एखाद्या गायिकेच्या आवाजातील मुद्रित मंगलाष्टके, हार घालताना व पाठवणीला चित्रपटगीत, असा क्रम आता रूढ होऊ पाहत आहे. तो सोयीचा आहे आणि कानाला गोडही आहे. त्यात निवड मात्र एकाच कसोटीवर होते, ती म्हणजे माधुर्याची. ही कसोटी विधिगीताला लागू पडत नाही. किंबहुना दूरस्थ विवाहात तीच सर्वांत फसवी ठरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. येथे विचारावयाचा मुख्य प्रश्न गीत किती सुरेल आहे हा नसून ते कोणाच्या मुखातून, कोणाला उद्देशून आणि कोणत्या क्षणी येते, हा आहे.

२

या प्रश्नाला वऱ्हाडात एक जुने अधिष्ठान आहे. 'वऱ्हाड' या एकाच शब्दाने मराठीत प्रदेशाचाही बोध होतो आणि लग्नाला निघालेल्या मंडळींचाही. या दोन अर्थांचा व्युत्पत्तिदृष्ट्या संबंध काय, हा वेगळा विषय आहे. परंतु लोकमानसाने तो संबंध केव्हाच जोडून टाकला आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिचे हरण केले, आणि म्हणून हा वऱ्हाडाचा देश, अशी ती श्रद्धा आहे. या कथेत विवाहाचा आरंभच दूरस्थ आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रुक्मिणी कृष्णाला पाहण्यापूर्वी त्याला वरते आणि आपला शब्द द्वारकेला दुसऱ्याच्या हाती धाडते.

याच कथेवर मराठी स्त्रीकाव्याचा आरंभ झाला, आणि तोही याच भूमीत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, महदाइसेने 'धवळे' रचले. श्रीगोविंदप्रभूंनी लीळा म्हणून विवाहाची इच्छा प्रकट केली, त्या सोहळ्यात गीत हवे म्हणून महदाइसेस धवळे गाण्यास सांगितले, आणि तिने ते गाइले, असे महानुभाव परंपरा सांगते. 'धवळा' म्हणजे विवाहप्रसंगी गावयाचे गीत. त्याच शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त प्रबंधांची गणना करताना धवल, मंगल आणि ओवी यांची नोंद केली आहे. म्हणजे शास्त्रकाराच्या दृष्टीलाही हे गेय प्रकार परिचित होते.

रिद्धपूरच्या प्रसंगातून प्रस्तुत विषयाला उपयोगी पडणारी गोष्ट अशी. लौकिक विवाहाचे व्यवहार तेथे गौण होते. सोहळ्याला सोहळेपण आले ते गीतामुळे, आणि ते गीत त्या क्षणी, त्या व्यक्तीसमोर, तिला ओळखणाऱ्या एका स्त्रीने गाइले होते. लग्नगीताची ही मूळ अवस्था होय. त्यातील नावीन्य किंवा माधुर्य हे दुय्यम असून गाणारीचे समक्षपण हे प्राथमिक आहे.

वरच्या अनुपस्थितीत विवाह लावण्याची कल्पनाही सर्वथा नवी नाही. राजघराण्यांत वराऐवजी त्याचे खड्ग पाठवून 'खांडा लग्न' लावण्याची रीत होती; डच लोकांत वसाहतींत गेलेल्या वराच्या वतीने मायदेशी प्रतिनिधी उभा करून लावलेल्या लग्नास 'हातमोज्याचे लग्न' म्हणत. या दोन्ही रीतींत वर अनुपस्थित आहे, पण त्याची खूण प्रत्यक्ष मांडवात आहे, आणि भोवतालचा आवाज तर पूर्णतः प्रत्यक्ष आहे. आजच्या दूरस्थ विवाहात याच्या उलट स्थिती आहे. चेहरा दिसतो, परंतु आवाजाची समक्षता विस्कळीत होते. चेहरा दिसत असल्यामुळे ही हानी चटकन ध्यानात येत नाही, एवढेच.

३

विवाहातील गीतांचे त्यांच्या कार्यानुसार तीन वर्ग कल्पिता येतात. ज्यांच्या उच्चाराने विधीचा एखादा टप्पा घडतो ती विधिगीते. दोन पक्षांनी एकमेकांस उद्देशून गावयाची ती संवादगीते. आणि वातावरण मंगल करणारी ती शोभागीते. मंगलाष्टके पहिल्या वर्गात येतात, व्याही-विहिणींना चिडवणारी गाणी व उखाणे दुसऱ्यात, आणि सनई, बँड व चित्रपटगीते तिसऱ्यात. हळदीची गाणी पहिल्या दोन वर्गांच्या सीमेवर आहेत.

शास्त्रदृष्ट्या मंगलाष्टके हा विवाहाचा अनिवार्य भाग नव्हे. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी हे त्याचे मुख्य विधी आहेत. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या कलम ७ नुसारही, जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. परंतु मराठी भाषेचा साक्षीपुरावा वेगळा आहे. 'लग्न लागले का?' असे विचारणाऱ्याला अभिप्रेत असते ती सप्तपदी नव्हे; अंतरपाट दूर झाला का, अक्षता पडल्या का, हे त्याला विचारावयाचे असते. 'लग्न' या शब्दात आणि 'लागणे' या क्रियापदात एकच धातू आहे आणि त्याचा अर्थ संयोगाचा आहे. मराठी माणसाच्या लेखी हा संयोग मंगलाष्टकांच्या अखेरच्या 'सावधान'बरोबर घडतो. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत, उच्चारणे हेच ज्यांचे करणे आहे अशा वाक्यांची जी मीमांसा केली, तिची उदाहरणेही त्याने विवाहविधीतून घेतली होती. 'शुभमंगल सावधान' हे त्याच जातीचे उच्चारण आहे. ते काही कळवीत नाही, काही घडवून आणते.

अशा उच्चारणाला दोन अटी असतात. ते करणाऱ्याला तो अधिकार असावा लागतो आणि ते ज्याला उद्देशून आहे तो ऐकत असावा लागतो. 'सावधान' हा शब्द कानी पडताच समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. ती ऐतिहासिक कसोटीला किती उतरते हे बाजूस ठेवले, तरी तिच्यातील भाषिक जाण अचूक आहे: तो शब्द कोणीतरी कोणालातरी उद्देशून म्हटलेला असतो, आणि म्हणूनच तो ऐकणाऱ्यावर परिणाम करतो. ध्वनिमुद्रिकेतील 'सावधान' कोणालाच उद्देशून नसते. कोणत्या वधूसाठी ते म्हटले गेले, हे त्या गायिकेलाही ठाऊक नसते.

४

या ठिकाणी ध्वनीच्या भौतिक मर्यादांचा विचार अपरिहार्य ठरतो, कारण दूरस्थ विवाहात नेमके काय टिकते आणि काय तुटते, हे त्यांवरच अवलंबून आहे.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांमध्ये सुमारे ३० मिलिसेकंदांपर्यंतचे अंतर सहन होते. त्यापलीकडे ताल ढळू लागतो. ३० मिलिसेकंदांत आवाज सुमारे १० मीटर जातो, म्हणजे साधारण एका घरगुती मांडवाएवढे अंतर. दूरदृश्य प्रणालीत एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकास पोहोचावयास २०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ सहज लागतो. ही स्थिती सत्तर मीटर दूर उभे राहून सुरात सूर मिळवू पाहण्यासारखी आहे. महाजालावरून एकतर्फी थेट प्रक्षेपण असेल तर हे अंतर कित्येक सेकंदांवर जाते. म्हणून अमरावतीच्या मांडवातील 'सावधान' आणि दूरच्या घरातील 'सावधान' एका क्षणी उमटणे शक्यच नाही. सर्वांनी आपापल्या ठिकाणाहून एकदम म्हणावे, असा आग्रह धरला की ऐकू येतो तो केवळ गलबला.

दुसरी मर्यादा यंत्राच्या रचनेची आहे. ही साधने संभाषणासाठी घडविलेली आहेत. माणसाचे बोलणे तेवढे राखावे आणि उरलेला आवाज 'गोंगाट' समजून दाबावा, अशी त्यांची योजना असते. परिणामी सनईचा लांब स्वर, ताशाची तडतड, डफड्याचा ठेका यांचा लचका तोडला जातो. दोघे एकदम बोलू लागले तर एकाचाच आवाज पुढे सोडला जातो. काही प्रणालींत मूळ आवाज जसाच्या तसा पाठविण्याची तजवीज असते. परंतु ती निवडावी लागते आणि लग्नघरच्या धांदलीत ती कोणाला सुचत नाही.

या दोन्ही मर्यादांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. समूहाने एकसुरात म्हणावयाचे जे जे आहे, ते दूरस्थ रीतीने तुटते. एकाने म्हणावयाचे आणि दुसऱ्याने ते संपल्यावर उचलावयाचे जे आहे, ते टिकते. या दृष्टीने पाहता परंपरागत मंगलाष्टके दूरस्थ विवाहास आश्चर्यकारक रीतीने अनुकूल आहेत. ती बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात: म, स, ज, स, त, त हे गण व अखेर एक गुरू, अशी १९ अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती. एक कडवे एकाने म्हणावे, दुसरे दुसऱ्याने, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच मंगलवचन यावे, अशी त्यांची रीत आहे. सामान्य संभाषणात एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंदांचेच अंतर असते, म्हणूनच यंत्राने घातलेला विलंब बोलणाऱ्यांना अडखळवितो. परंतु शार्दूलविक्रीडिताचे कडवे कोठे संपणार, हे त्या चालीची सवय असलेल्या कानाला आधीच कळते. वृत्तच पाळी सुचविते. संभाषणाला जे संरक्षण नाही, ते पद्याला आहे.

म्हणजे मुद्रित मंगलाष्टके लावण्याचे जे कारण सांगितले जाते, की दूरच्या माणसांना घेऊन प्रत्यक्ष गाणे जमत नाही, ते निम्मेच खरे आहे. एकत्र गाणे जमत नाही. पाळीपाळीने गाणे उत्तम जमते.

५

आता रूढ निवडीचे गुणदोष पाहणे योग्य ठरेल.

सनईची मुद्रिका शोभागीताच्या वर्गात बसते आणि त्या मर्यादेत तिला दोष देण्याचे कारण नाही. बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांच्या वादनाने मांगल्याचा जो संस्कार कानावर केला आहे, तो खोटा नव्हे. दोन गोष्टी मात्र विसरता येत नाहीत. एक, ही मुद्रिका मुहूर्तापूर्वी संपली पाहिजे. विधिगीताच्या पाठीमागे ती चालू राहिली तर यंत्र दोहोंपैकी एकाचा बळी देते, आणि बहुधा तो बळी म्हाताऱ्या माणसाच्या क्षीण आवाजाचा असतो. दुसरी, वऱ्हाडात वाजंत्री व डफडे वाजविणारी माणसे पिढ्यान् पिढ्या लग्नसराईवर जगत आली आहेत. २०२० व २०२१ या दोन उन्हाळ्यांत त्यांची कमाई बुडाली. मुद्रिकेने मांडव भरतो, त्यांची चूल पेटत नाही. मांडवात प्रत्यक्ष माणसे असतील तेथे प्रत्यक्ष वाद्य ठेवणे हे संगीताच्या दृष्टीने जितके इष्ट, तितकेच न्यायाच्या दृष्टीनेही आहे.

चित्रपटगीतांविषयी एक व्यावहारिक अडचण आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभांत गीतवादनास सूट असून विवाहाची मिरवणूक व विवाहाशी निगडित अन्य सामाजिक समारंभ त्यांत अंतर्भूत आहेत. केंद्र शासनाने २४ जुलै २०२३ च्या सूचनेने त्याचे स्मरणही करून दिले. परंतु महाजालावरील प्रक्षेपणाची तपासणी यंत्रे करतात, आणि यंत्राला कायद्यातील अपवाद कळत नाही. ओळखीची मुद्रिका सापडताच ते प्रक्षेपणाचा आवाज बंद करू शकते. असे झाले म्हणजे नेमक्या वरमालेच्या क्षणी दूरच्या आप्तांना मूक चित्र पाहावे लागते. घरच्या माणसाने स्वतः म्हटलेल्या पारंपरिक कडव्याला ही भीती फारशी नाही.

सर्वांत चिंत्य आहे ती मुद्रित मंगलाष्टकांची प्रथा. येथे शोभेने विधीची जागा घेतली आहे. मंगलाष्टकांत वधूवरांची नावे, कुळे, गावे गुंफण्याची जी रीत आहे, ती केवळ हौस नव्हे. त्या नावांमुळेच ते सर्वसामान्य आशीर्वचन या दोघांचे होते. मुद्रिकेत हे नाव येऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मधील एका निर्णयात, विवाह हा गाण्यानाचण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नसून विधियुक्त संस्कार आहे, अशा आशयाचे मत व्यक्त केले. ते मत गीताच्या विरुद्ध आहे असे समजणे चुकीचे ठरेल. गीताने विधीला झाकून टाकू नये, एवढाच त्याचा अर्थ घेता येतो. आणि जे गीत स्वतःच विधी आहे, त्याला तर ते मत बळकटीच देते.

६

ही चर्चा केवळ एका वैदिक-पौराणिक परंपरेपुरती मर्यादित नाही. वऱ्हाडातील अन्य विवाहपद्धती या कसोटीवर लावून पाहिल्या तर कसोटीची उपयुक्तता अधिक स्पष्ट होते.

महात्मा फुले यांनी सत्यशोधक पद्धतीने विवाह लावण्यास १८७३ मध्ये आरंभ केला आणि १८८७ मध्ये सत्यशोधक समाजाची मंगलाष्टके व पूजाविधी प्रसिद्ध केले. त्यांतील मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः एकमेकांस उद्देशून बोलतात. वधू आपल्या हक्काची मागणी करते आणि वर तिला वचन देतो. पुरोहिताचा मध्यस्थ आवाज काढून टाकून फुल्यांनी विधीचा उच्चार ज्यांचा त्यांच्या मुखी दिला. रचनेच्या दृष्टीने हे संवादगीत व विधिगीत एकाच वेळी आहे. दूरस्थ विवाहासाठी याहून योग्य रचना शोधूनही सापडणार नाही. पण हीच मंगलाष्टके मुद्रिकेवर लावली तर त्यांचा प्राणच गेला, कारण तेथे दुसऱ्याच कोणी वधूचा हक्क मागितलेला असेल.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातील विवाहजीवनात मोठे स्थित्यंतर झाले. अमरावती व अकोला जिल्ह्यांत बौद्ध समाज मोठ्या संख्येने आहे आणि त्याच्या विवाहात त्रिशरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा व जयमंगल अट्ठगाथा यांना स्थान आहे. अट्ठगाथा वसंततिलकेत आहेत. तेथेही आठ हा अंक आणि प्रत्येक गाथेच्या शेवटी येणारे जयमंगलवचन यांमुळे पाळीपाळीने म्हणणे सुलभ होते. त्रिशरण-पंचशील मात्र एकाने सांगावे व इतरांनी मागून म्हणावे असे आहे. येथे दूरच्या मंडळींचे आवाज बंद ठेवून त्यांनी आपल्या घरी मागून म्हणणे, हाच सुज्ञ मार्ग होय. मांडवातील उच्चार स्पष्ट राहतो आणि त्यांचा उच्चार त्यांच्यापाशी खरा राहतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरी येथील गुरुकुंजाच्या प्रभावाखालील कुटुंबांत खंजिरीवरील भजन आणि सामुदायिक प्रार्थना यांचे महत्त्व विशेष आहे. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्रामगीते'ने लग्नातील उधळपट्टीवर जे कोरडे ओढले आहेत, ते पाहता छोटा विवाह तेथे तत्त्वतःच इष्ट आहे. परंतु सामुदायिक प्रार्थनेचे बळ एकसुरात आहे, आणि तोच दूरस्थ रीतीने पोहोचत नाही. म्हणून तेथे प्रार्थना मांडवातील मंडळींची राहू द्यावी आणि दूरच्याने खंजिरीच्या साथीने एकट्याने भजन म्हणावे, हा विवेक आवश्यक आहे. पंथ कोणताही असो, एकसुरी आणि पाळीचे यांतील भेद ओळखणे, हीच निवडीची पहिली पायरी ठरते.

७

या सर्व विवेचनात खरा पणाला लागलेला प्रश्न हळदीच्या आणि संवादाच्या गीतांचा आहे, कारण ती प्रायः वऱ्हाडी बोलीत आहेत आणि प्रायः वृद्ध स्त्रियांच्या मुखी आहेत. 'हळदी'ला 'हयद', 'डोळ्या'ला 'डोया', 'मला' ऐवजी 'मले' म्हणणारी आणि व्याह्याला 'इवाई' म्हणून पाचारणारी ही बोली लग्नघरात ज्या मोकळेपणाने नांदत आली, तितकी अन्यत्र क्वचितच. मुलगा शाळेत, कचेरीत, शहरात प्रमाणभाषा बोलू लागला, तरी हळदीच्या दिवशी त्याची मावशी त्याच्या अंगाला हळद लावताना जे गाते, ते त्याच्या बोलीतले असते. मुद्रित लग्नगीतांच्या संग्रहांत या बोलीला सहसा जागा नसते. असली तर विनोदासाठी. दोन तासांच्या मर्यादेत विवाह उरकण्याची जी सवय २०२१ मध्ये लागली, तिच्यात सर्वांत आधी गळाली ती हीच गीते.

या गीतांची रचना पाहिली तर त्यांत रिकाम्या जागा असतात, असे दिसून येते. मामा, आत्या, भाऊ, वहिनी यांची नावे प्रसंगाप्रमाणे त्यांत भरावयाची असतात. गीत पाठ असून भागत नाही. घरची माणसे ठाऊक असावी लागतात. म्हणून ही गीते पुस्तकात उतरली तरी पुस्तकात जिवंत राहत नाहीत. ती एका बाईकडून दुसरीकडे जातात ती लग्न पाहता पाहता, आणि एका पिढीची लग्ने त्यांच्यावाचून झाली तर ती पुढच्या पिढीला मिळत नाहीत. येथे गमावण्यासारखे काय आहे, हे यावरून ध्यानात यावे.

या बाबतीत दूरस्थ साधन शत्रू आहे तसेच मित्रही होऊ शकते. भर मांडवात, बँडच्या दणदणाटात ज्या आजीचा आवाज कोणाला ऐकू येत नव्हता, तिचा आवाज यंत्राला तोंड लावताच शेकडो कोस दूरच्या नातवाच्या कानाशी जातो. एका वेळी एकाचाच आवाज पुढे सोडणारे यंत्र तिच्या बाबतीत न्यायच करते. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात ५२ पात्रे एकाच कंठातून उभी केली. बोली मराठवाड्याची असली, तरी एका आवाजात अख्खे वऱ्हाड मावू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. हळदीचे गाणे म्हणणारी वृद्धा याहून वेगळे काही करीत नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, घरच्या बाईचा आवाज बेसूर असतो, शब्द विसरले जातात, आणि पडद्यासमोर ती संकोचते. त्यापेक्षा सुरेल मुद्रिका बरी. परंतु आशीर्वादाची प्रत सुरेलपणावर ठरत नाही. अडखळलेले कडवे हे अडखळत का होईना, या वधूसाठी म्हटले गेले. संकोचावर उपाय आहे: यंत्राची तयारी आदल्या दिवशी करावी, तिच्या शेजारी गाणे ठाऊक असलेली दुसरी स्त्री बसवावी, आणि तिची पाळी केव्हा येईल ते तिला आधी सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्याही-विहिणींना चिडवणाऱ्या गीतांत टोमणे असतात, कधी अश्लीलतेकडे झुकणारे शब्दही असतात. मांडवात डोळ्याला डोळा भिडवून, हसत हसत म्हटलेला टोमणा तेथेच विरतो. तोच चित्रित होऊन साठविला गेला तर अनोळखी माणसासमोर नुसता अपमान होऊन उभा राहतो. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. अशी गीते खुल्या प्रक्षेपणात न ठेवता केवळ दोन घरांच्या आपसातील भेटीत गावीत, आणि गाणारीला विचारल्यावाचून ती साठवू नयेत. संदर्भ हा या गीतांच्या अर्थाचा भाग आहे. संदर्भ तोडून गीत जतन केले, तर जतन होते ते भलतेच काही.

८

वरील विवेचनाचा सारांश व्यवहाराच्या भाषेत मांडावयाचा झाल्यास असा मांडता येईल. शोभागीते मुद्रित चालतील, परंतु ती विधीच्या आधी व नंतर असावीत. विधिगीते उपस्थित माणसाने, नाव घेऊन, एकट्याने म्हणावीत. दूरच्या आप्तांना एकेक कडवे नेमून द्यावे, आणि अखेरचे कडवे व 'सावधान' मात्र मांडवातूनच यावे, म्हणजे क्षण एकच राहील. दूरच्या घरी अक्षता सेकंदभर मागाहून पडल्या तर बिघडत नाही. त्या कोणाच्या शब्दावर पडल्या हे महत्त्वाचे आहे. संवादगीतांना हळदीच्या दिवशी स्वतंत्र वेळ द्यावा आणि त्यांत वऱ्हाडीला संकोच वाटू देऊ नये.

अभ्यासकांपुढे यातून एक कामही उभे राहते. दूरस्थ विवाहांची चित्रणे आज असंख्य घरांत पडून आहेत. त्यांत कोणी काय गाइले, कोणत्या बोलीत गाइले, कोणते कडवे नव्याने रचले, याची पद्धतशीर नोंद संबंधितांच्या संमतीने करता आली, तर लग्नगीतांच्या इतिहासातील एका संक्रमणाचा पुरावा हाती येईल. महदाइसेचे धवळे आज उपलब्ध आहेत ते ज्या परंपरेने ते कान देऊन ऐकले व जपले, तिच्यामुळे. रिद्धपूरपासून फार दूर नसलेल्या घराघरांत आज गाइल्या जाणाऱ्या गीतांकडे तेवढेच लक्ष पुरविणे हे मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज साधण्यासारखे आहे. आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांचे वय पाहता, ते लवकर करणे अगत्याचे आहे.